कार्डांचं कपाट अजून काढू नका

पत्र

मी बडोद्यात एका खासगी संस्थेच्या महाविद्यालयात २३ वर्षं ग्रंथपाल आहे. वय ४९. आमच्याकडे जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. बराचसा दांडिया बाजार, वाडी, रावपुरा इथल्या घरांतून देणगीदाखल आलेला. गेल्या महिन्यात नवे विश्वस्त ग्रंथालय बघायला आले. म्हणाले, "आता सगळं ऑनलाइन आहे. मांडण्या काढून इथं कॉम्प्युटर लावू. ग्रंथपाल तरी कशाला लागतो?" वर हुकूम असा, की सहा महिन्यांत सगळी मराठी पुस्तकं स्कॅन करून वेबसाइटवर टाका. पुस्तकांच्या नोंदी असलेल्या तालिका कार्डांचं सागवानी कपाट दिवाळीच्या सफाईत रद्दीवाल्याला द्यायचं ठरलंय. मदतीला २६ वर्षांचा गुजराती मुलगा दिलाय, ग्रंथालयाचं कोहा हे सॉफ्टवेअर फक्त त्यालाच येतं. तो म्हणतो, "बेन, आ बधुं तो गूगलमां मळी जाय." मला कॉम्प्युटरवर देवघेव जमते, त्यापुढे हात थरथरतात.

परवा पुण्याहून एक संशोधक मुलगी आली. तिला एक जुनं पाककृतींचं पुस्तक हवं होतं, ज्याच्या नावात 'कांहीं' हा शब्द आहे. मुलानं शोधलं आणि 'नाही' म्हणाला. मी उठून पाच मिनिटांत काढून दिलं. मला अजून असं जुन्या पद्धतीनंच काम जमतं, याची लाज वाटते. मिस्टर म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घे. काय करू?

— एक ग्रंथपाल, बडोदे

उत्तर

ताई,

निवृत्तीचा अर्ज लिहून झाला असेल तर खणात राहू द्या, द्यायची घाई करू नका. पेन्शनचे हिशेब तुमच्या मिस्टरांना माझ्याहून चांगले कळत असतील, त्यात मी पडत नाही. पण 'मी उठून पाच मिनिटांत काढून दिलं' हे वाक्य मी चारदा वाचलं. याची लाज वाटते म्हणता? मला तर त्या मुलाला पुस्तक का सापडलं नाही, हे जाणून घ्यायचंय. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथं आहे.

त्यानं 'काही' असं टंकलं असणार. पुस्तकावर छापलंय 'कांहीं'. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपल्या शब्दांच्या डोक्यावरचे असे कितीतरी अनुस्वार उतरवले. नांवचं नाव झालं, कांहींचं काही झालं. माणसाचा डोळा ते टिंब ओलांडून सहज पुढं जातो. यंत्राला मात्र टिंब असलेला शब्द वेगळा, नसलेला वेगळा. त्याआधीच्या सगळ्या मराठी पुस्तकांवर ही टिंबं विखुरलेली आहेत, आणि आजचा विद्यार्थी ती कधीच टंकणार नाही. म्हणजे तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा साठा संगणकाच्या पडद्यावर 'नाही'च दिसत राहणार, पुस्तक तिथंच चार हातांवर मांडणीत असताना.

ही झाली एक शक्यता. दुसरी अशी, की तुमची तालिका रोमन अक्षरांत भरलेली असेल. बडोद्यात हे फार होतं. नोंदी भरणारा हात बहुधा गुजराती असतो, त्यात त्याचा दोष नाही. पण 'ज्ञ' आला की पंचाईत होते. मराठी माणूस तो रोमनमध्ये 'डी-एन-वाय' असा लिहितो, गुजराती माणूस 'जी-एन', आणि संस्कृतवाले 'जे-एन'. एकाच ज्ञानेश्वरीच्या तीन प्रती तीन ठिकाणी जाऊन बसतात आणि एकमेकींना ओळख देत नाहीत. गायकवाड आडनावाच्या रोमन स्पेलिंगांबद्दल तर मी बोलतच नाही. गावाचंच बघा ना: बडोदे, बडोदा, वडोदरा, इंग्रजी अमदानीतलं बरोडा. चार नावं, गाव एक.

तिसरी गंमत डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी उमटतं. एकदा एकच अक्षर म्हणून, एकदा 'अ' आणि वरचा चंद्र असं जोडून. पडद्यावर दोन्ही सारखी, आत मात्र निराळी. 'ऱ्हास'चंही तेच. मुलानं एका कीबोर्डवर नोंद भरली आणि वाचकानं दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, की संपलं.

आता मला सांगा, यावर उपाय काय? तुम्ही एम.लिब.ला शिकला आहात. 'पाहा' कार्ड. 'बडोदा : पाहा बडोदे.' टोपणनावाखाली खऱ्या नावाकडे बोट, लग्नापूर्वीच्या नावाखाली लग्नानंतरच्या नावाकडे बोट. वाचक कुठल्या दारानं येईल ते आधीच ओळखून प्रत्येक दारावर पाटी लावून ठेवायची. कोहामध्ये हेच काम दुसऱ्या खणांत करतात, एवढाच फरक. २४५ क्रमांकाच्या रकान्यात पुस्तकावर छापलंय तसं नाव, टिंबासकट. २४६ मध्ये ते नाव ज्या ज्या रूपात विचारलं जाईल ती सगळी रूपं: आजचं शुद्धलेखन, रोमन, लोक तोंडानं म्हणतात ते आखूड नाव. देवनागरी आणि रोमन नोंदींची जोडी लावायला ८८०. लेखकांसाठी वेगळी अधिकृत नोंद करायची आणि तिच्यातल्या ४०० च्या रकान्यात बाकीची सगळी नावं. हे तुमचं 'पाहा' कार्डच आहे, फक्त त्याला सागवान लागत नाही.

या रकान्यांच्या पद्धतीला मार्क म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ती १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम या बाईंनी उभी केली. त्या मूळच्या संगणक प्रोग्रॅमर. ग्रंथालयशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, त्यांना तालिका शिकून घ्यावी लागली. तुमच्या त्या मुलाला ही गोष्ट जरूर सांगा. आणि कोहाची भीती वाटत असेल तर हेही ऐका. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या एका छोट्या भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणक व्यवस्था २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी ही नवी करवून घेतली आणि मग सगळ्यांना फुकट वाटली. माओरी भाषेत कोहा म्हणजे आहेर, भेट. ग्रंथपालांच्या गरजेतून आलेली वस्तू आहे ती. इंजिनीयर लोकांनी तुमच्यावर सोडलेली नाही.

एक तांत्रिक गोष्ट मात्र त्याच्याकडून पक्की करून घ्या. कोहा बसवताना अनुक्रमणासाठी, म्हणजे शोधायच्या शब्दांची सूची बनवण्यासाठी, 'आयसीयू' हा पर्याय चालू केलाय का, ते विचारा. नसेल तर देवनागरी शब्दांचा शोध नीट लागत नाही आणि सगळे समजतात, की मराठीत शोधताच येत नाही. हा प्रश्न तुम्ही नुसता विचारलात तरी तो दोन मिनिटं तुमच्याकडे बघत राहील. ती दोन मिनिटं उपभोगा.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे 'या बाईला सगळं येत होतं' असं वाटायला नको.

१९९६ च्या सुमारास मी ज्या ग्रंथालयात होते तिथं संगणक आला. मी पुढाकार घेतला. दोन मुली बसवून सगळी मराठी तालिका टंकून घेतली, वर्ष-दीड वर्ष लागलं. समारंभ झाला, पेढे वाटले. आणि त्याच उत्साहात मी कार्डांचे खण रद्दीवाल्याला दिले. वजनावर. आठ-दहा वर्षांनी जुनी यंत्रं बदलली तेव्हा कळलं, की नोंदी ज्या फॉन्टमध्ये टंकल्या होत्या तो फॉन्ट नव्या यंत्रावर चालत नाही, आणि ज्यांनी तो दिला होता ते दुकान बंद करून गेलेत. तेव्हाचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी अक्षरांचे मुखवटे. मुखवटा काढला की खाली निरर्थक इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग उरते. पडद्यावर ती रांग बघत मी उभी होते. युनिकोडमध्ये रूपांतर करायचे मार्ग नंतर आले, बऱ्याच नोंदी वाचल्या. पण जोडाक्षरं जिथं फुटली तिथं मूळ काय होतं ते ताडून बघायला कार्डं नव्हती. शेवटी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची क्रमवार वही, घेऊन बसलो, आणि पुस्तकं एकेक काढून नावं लिहून घेतली. माझ्या निवृत्तीच्या दिवशीसुद्धा ते काम अर्धं होतं.

कार्डांच्या मागच्या बाजूला आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं: 'पान ४० नंतरची चार पानं गहाळ', 'लेखक बडोद्याचेच', 'हेच पुस्तक दुसऱ्या नावानं पाहा'. ते कुणी टंकलंच नव्हतं. ते रद्दीबरोबर गेलं.

म्हणून कपाट. दिवाळीच्या आधी काय करायचं ते शेवटी सांगते.

सहा महिन्यांत सगळं स्कॅन करा, या हुकमाचं काय? 'नाही' म्हणू नका. 'हो, आधी हे एवढं' असं म्हणा, आणि ते 'एवढं' तुम्ही ठरवा. जी पुस्तकं बाजारात मिळतात, जी इतर चार ठिकाणी स्कॅन झालेली आहेत, त्यांना हात लावू नका. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं बरीच आहेत. भारतीय डिजिटल ग्रंथालय प्रकल्पातली कितीतरी तिथं पोचली. त्या प्रकल्पाचं स्वतःचं संकेतस्थळ मात्र मागेच बंद पडलं. जाता जाता हेही सांगते: तिथल्या मराठी पुस्तकांची नावं रोमनमध्ये इतक्या चमत्कारिक स्पेलिंगांनी भरली आहेत, की पुस्तक असून सापडत नाही. लाखो पानं स्कॅन करायला पैसा मिळाला, नीट नाव लिहायला माणूस मिळाला नाही. विश्वस्तांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

मग तुमच्याकडे दुसरीकडे नसलेलं काय असेल? बडोद्यात छापलेलं मराठी. सयाजी साहित्यमालेचे विस्कळीत खंड. शाळांची, मंडळांची, गणेशोत्सवांची स्मरणिका-पुस्तकं, व्याख्यानमालांचे अहवाल, कुणाच्या आजोबांनी पदरमोड करून काढलेली पदांची वही, देणगीत आलेल्या गठ्ठ्यांत दडलेले मोडी कागद. अशा वस्तूंची यादी करायला बसा. मला वाटतं दोनशे-अडीचशेच्या वर जाणार नाही. तेवढं सहा महिन्यांत नीट होतं.

नीट म्हणजे काय, तेही सांगते, कारण दुकानदार काहीही सांगतात. पुस्तकाची बांधणी उसवून स्कॅन करू देऊ नका. वरून फोटो घेणारा स्टँडवाला स्कॅनर आणा, पानं सपाट दाबावी लागत नाहीत. ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका, बारीक टाइप असेल तर ४००. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, वाचकाला द्यायला त्यावरून पीडीएफ काढा. फायलीचं नाव पुस्तकाचा दाखल क्रमांक, दुसरं काही नाही. 'न्यू फायनल २' अशा नावाच्या फायली मी पाहिल्यात. तीन प्रती ठेवा, दोन निराळ्या माध्यमांवर, आणि एक प्रत इमारतीच्या बाहेर. विश्वामित्री नदीला पूर आला म्हणजे बडोदेकराला या शेवटच्या अटीचं कारण समजावून सांगावं लागत नाही. आणि वर्षातून एकदा त्या प्रती उघडून बघा, आपण लोणच्याची बरणी उघडून बघतो तशा.

पीडीएफमधला मजकूर शोधता यावा म्हणून यंत्राकडून अक्षरं वाचून घेतात. टेसरॅक्ट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचतं. नव्या छपाईत बरं वाचतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईत 'ख'चा 'रव' करतं, 'भ'चा 'म', 'घ'चा 'ध'. 'खरा'चं 'रवरा' झालेलं वाचून मी पोट धरून हसले आहे, पण असा मजकूर तपासल्याशिवाय वाचकापुढे ठेवायचा नसतो. तपासणार कोण? जुनं मराठी वाचता येणारं माणूस. तुमच्या इमारतीत असं किती जणांना येतं?

वेबसाइटवर टाकण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते विश्वस्तांना कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगणार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. लेखक १९६० मध्ये वारला असेल तर पुस्तक १ जानेवारी २०२१ पासून मोकळं. फसायची जागा म्हणजे भाषांतरं. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेलेला असतो, पण भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजतात. २०१२ च्या दुरुस्तीनं विना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे छापील प्रत असलेलं पुस्तक जतनासाठी इलेक्ट्रॉनिक रूपात साठवायची मुभा दिली. साठवायची, जगाला वाटायची नव्हे. तुमचं महाविद्यालय या सवलतीत बसतं का, हे संस्थेच्या वकिलांकडून लिहून घ्या. तोंडी नको. ज्यांचे वारस बडोद्यातच आहेत त्यांच्याकडे सरळ जाऊन परवानगीची चिठ्ठी मागा. बहुतेक घरांत चहा मिळतो, चिठ्ठी मिळते आणि माळ्यावरची आणखी दोन पोती मिळतात.

आता तो मुलगा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल जरा अढी दिसली, पण तो तुमचा वैरी नाही. वैरी असलाच तर तो तुमच्या 'हात थरथरतात'मध्ये आहे. रोज दुपारी चार ते पाच, गर्दी ओसरली की, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. समोर नाही, शेजारी. माउस तुमच्या हातात, बोलणार तो. महिनाभरात नोंद भरणं, बदलणं, एखादी यादी काढणं एवढं येईल, आणि तुम्हांला एवढंच लागतं. सर्व्हर, बॅकअप, प्रोग्रॅमिंग हे त्याचं काम, त्याला करू द्या. बदल्यात त्याला जुनं मराठी वाचायला शिकवा. गुजराती मुलाला देवनागरी परकी नाही, डोक्यावरची रेघ काय ती जास्त. 'कांहीं' सापडलं की त्याला हाक मारून दाखवा. टोमण्याच्या सुरात नको, जरा मजा म्हणून.

गूगलमध्ये सगळं मिळतं, या त्याच्या म्हणण्याचंही असंच. भांडू नका. हल्ली विद्यार्थी संदर्भांची यादी घेऊन येतात. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्षसुद्धा पटण्यासारखं, पण लेख कुठंच नाही. एआयनं रचून दिलेला असतो. अशी यादी आली की ती त्या मुलाकडे द्या आणि म्हणा, शोध बघू. तासाभरानं तो स्वतःच तुमच्याकडे येईल. संदर्भ खरा की रचलेला, हे पाहणं ही आता रोजची सेवा झाली आहे. आपण तिला कधी नावही दिलेलं नाही.

बाकी सेवांबद्दल थोडक्यात. अनुदानित महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची एन-लिस्ट योजना आहे, ऑनलाइन वाचनसाहित्य देणारी. नोंद नसेल तर करा, असेल तर किती जणांनी लॉग-इन केलं ते बघा. बहुतेक ठिकाणी पासवर्ड वाटलेलेच नसतात. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रानं 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण ती सरकारी संस्थांसाठी आखलेली आहे. विश्वस्त 'आता सगळं फुकट झालं' म्हणाले तर आपली संस्था त्यात आहे का, एवढं विचारा. खरगपूरच्या आयआयटीचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मात्र सगळ्यांना खुलं आहे. तुमच्याकडे कुणी अंध विद्यार्थी असेल तर 'सुगम्य पुस्तकालय' हे त्यांच्यासाठीचं ऑनलाइन ग्रंथालय त्याला दाखवा. हे काम आजच करा, बाकीचं नंतर. आणि वर्गणीनं घेतलेली पुस्तकं ही भाड्याच्या घरासारखी असतात, हे संस्थेच्या कागदावर कुठंतरी लिहून ठेवा. वर्गणी थांबली की दुसऱ्या दिवशी मांडणी रिकामी.

विश्वस्तांशी बोलण्याची वेळ येईल तेव्हा आधी एक महिना वही ठेवा. रोज कोण आलं, काय विचारलं, कशातून मिळालं: मांडणीतून, पडद्यावरून की तुमच्या डोक्यातून. तिसरा रकाना ते आपोआप वाचतील. त्यानंतर त्यांना मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत घेऊन जा. बडोद्यात राहून ती आतून न पाहिलेली माणसं मला नेहमी भेटतात. १९३१ ची इमारत, अमेरिकन बनावटीच्या लोखंडी मांडण्या आणि खालच्या मजल्यावर उजेड झिरपावा म्हणून काचेची जमीन. त्या जमिनीवर उभं करून त्यांना सांगा, की हे 'मॉडर्न' बडोद्याला नवीन नाही. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेतून बोलावला. तो इथं तीन वर्षं राहिला. पुस्तकं तर महाराजांनी राजवाड्यातलीच दिली होती, बॉर्डनला आणलं ते व्यवस्था बसवायला आणि माणसं शिकवायला. त्यानं १९११ मध्ये ग्रंथपालांचा वर्ग काढला, देशातला पहिला. १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघालं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी, तिन्ही भाषांत. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या, गावातून परत आल्या की दुसऱ्या गावाला निघायच्या. वाचक येत नसेल तर पेटी जाईल, हा विचार तेव्हाचा आहे. आजचं दूरस्थ लॉग-इन म्हणजे तीच पेटी. आणि पेटीत काय भरायचं ते तेव्हाही कुणीतरी बसून ठरवत होतं.

त्या पहिल्या वर्गातल्या ग्रंथपालांपुढेही कार्डं, वर्गीकरणाचे आकडे, सगळं नवंच होतं. त्यांचेही हात थरथरले असतील, असं मला उगीच वाटतं.

राहता राहिलं कपाट. सफाईची तारीख ठरली असेल तर विश्वस्तांना आजच दोन ओळींचं पत्र द्या: तालिकेची पडताळणी होईपर्यंत कार्डं आणि दाखल नोंदवह्या जागच्या हलवू नयेत. पोच घ्या. मग त्या मुलाला घेऊन एकेक खण काढा आणि प्रत्येक कार्डाचा पुढून आणि मागून फोनवर फोटो घ्या, क्रमानं, खणाच्या पाटीसकट. मागची बाजू विसरू नका. कोहात मराठीच्या किती नोंदी आहेत ते त्याच्याकडून विचारून घ्या, आणि खणातली मुख्य नोंदींची कार्डं मोजा, 'पाहा' कार्डं सोडून. दोन आकडे जुळले तर कपाट खुशाल जाऊ द्या. सागवानाला चांगली किंमत येते, तेवढ्यात स्कॅनरचा स्टँड येईल. जुळले नाहीत, आणि मला वाटतं जुळणार नाहीत, तर फरकाचा आकडा मला कळवा. पाककृतींचं ते पुस्तक त्या फरकात आहे का, हेही बघा.